भूकंप एकटा येत नाही: धक्क्यांची मालिका आणि तिची नोंद

कोल्हापुरातल्या कोणत्याही नदीकाठच्या पेठेत जाऊन 2019 च्या महापुराची चौकशी केली, तर माणूस आधी भिंतीपाशी नेतो आणि पाणी कुठवर चढले होते ते हात लावून दाखवतो. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी 39 फूट आणि धोका पातळी 43 फूट, हे आकडे आमच्याकडे शाळकरी मुलांनाही तोंडपाठ असतात. त्याच माणसाला भूकंपाबद्दल विचारले, तर मात्र "बसला होता एकदा धक्का, भांडी वाजली होती" एवढेच उत्तर मिळते. साल, वेळ, घराला काय झाले, यांतले काहीच सांगता येत नाही. पुराच्या खुणेवर तारीख घालायला आम्ही विसरत नाही. धक्काही भिंतीवर खूण सोडतो, पण ती भेग कोणत्या धक्क्याची, हे दहा वर्षांनी घरातल्या कोणालाही ठाऊक नसते. धक्क्यांची मालिका म्हणजे काय, ती का चालत राहते, तिच्यात घर कसे कमकुवत होत जाते आणि सामान्य माणसाने लिहून ठेवलेल्या चार ओळींना किंमत का आहे, हे सांगण्यासाठी हा लेख आहे.

माझ्या वडिलांनी हिशेबाच्या एका लांबट वहीची शेवटची पाने धक्क्यांसाठी राखून ठेवली होती. त्यांतली एक नोंद अशी आहे: "12 मार्च 2000, रात्री साडेअकरा. आधी गुरगुर, मग हेलकावा. टांगलेला बल्ब पूर्व-पश्चिम हलला. देवळीवरची भेग तशीच." पुढची नोंद त्याच वर्षीच्या 5 सप्टेंबरची आहे आणि तीत शेवटचे वाक्य बदललेले आहे: "देवळीवरची भेग वर तुळईपर्यंत गेली." या दोन ओळींच्या मधल्या सहा महिन्यांत आमच्या घरात दुरुस्तीचे काहीही काम झाले नव्हते, आणि ही वही नसती, तर ती भेग जुनीच आहे असे आम्ही सगळ्यांनी शपथेवर सांगितले असते.

हे धक्के येतात कुठून, ते आधी पाहू. कोल्हापूरपासून सरळ रेषेत सुमारे 90 किलोमीटरवर कोयना धरण आहे आणि त्याच्या अलीकडे, साठेक किलोमीटरवर, चांदोलीचे वारणा धरण आहे. 11 डिसेंबर 1967 रोजी पहाटे 4 वाजून 21 मिनिटांनी कोयनानगर परिसरात 6.3 तीव्रतेचा भूकंप झाला, त्यात सुमारे 180 माणसे दगावली आणि कोयनानगरातली बहुतेक घरे पडली किंवा राहण्याजोगी उरली नाहीत. आमच्या घरी मांडणीवरचे पितळी डबे एकामागून एक खाली आले आणि आजीने पोरांना अंथरुणासकट ओढत परड्यात नेले, असे ती सांगत असे. तिच्या सांगण्यात एक गोष्ट नेहमी असायची, जी मला लहानपणी अतिशयोक्ती वाटे: "त्या रात्रीचा एक नव्हे गं, नंतर किती दिवस बसत होते." ती शब्दशः खरे सांगत होती. किंबहुना त्या मालिकेची सुरुवातही डिसेंबरात झाली नव्हती, कारण 13 सप्टेंबर 1967 रोजी त्याच भागात 5 हून अधिक तीव्रतेचा धक्का बसून गेलेला होता. आणि तिचा शेवट अजूनही झालेला नाही. कोयना-वारणा पट्ट्यात, म्हणजे जेमतेम 30 किलोमीटर लांब आणि 20 किलोमीटर रुंद अशा टापूत, 1962 पासून 5 किंवा त्याहून अधिक तीव्रतेचे वीसहून जास्त, 4 च्या वरचे सुमारे 200 आणि लहान तर हजारो भूकंप झालेले आहेत. एवढ्या लहान जागेत एवढी वर्षे चाललेली अशी मालिका जगात दुसरीकडे क्वचितच सापडते.

धक्का म्हणजे नेमके काय घडते, हे समजण्यासाठी पावसाळ्यात फुगलेले लाकडी दार आठवावे. आपण खांदा लावून जोर देत राहतो, दार हलत नाही, जोर साठत जातो आणि एका क्षणी दार एकदम सुटते. जमिनीखाली कातळात जुन्या चिरा असतात, ज्यांना भ्रंश म्हणतात. चिरेच्या दोन्ही बाजूंचा खडक एकमेकांना घासून पुढे सरकू पाहतो, पण घर्षणामुळे अडून बसतो. ताण घर्षणापेक्षा वाढला, की खडक काही सेंटिमीटर किंवा काही हातही एकदम सरकतो आणि त्या सरकण्याचा हादरा लाटांच्या रूपाने सगळीकडे पसरतो.

आता धरणाचा संबंध. कोयनेच्या शिवाजीसागर जलाशयात 1962 च्या सुमारास पाणी साठू लागले आणि त्यानंतरच तेथे धक्के जाणवू लागले. वारणेचा जलाशय 1985 पासून भरू लागला आणि 1993 पासून धक्क्यांचा जोर त्या बाजूलाही दिसू लागला. पाण्याच्या वजनाने जमीन फाटते, असा समज आमच्याकडे सर्रास आहे, पण तो पुरता बरोबर नाही. वजनाचा वाटा असतोच, तरी जास्त महत्त्वाचे आहे ते खडकाच्या भेगांतून हळूहळू खाली उतरणारे पाणी, किंवा अधिक नेमके बोलायचे तर त्या पाण्याचा दाब. तो दाब चिरेच्या दोन्ही बाजूंना किंचित उचलून धरतो, त्यामुळे त्यांची एकमेकांवरची पकड सैल होते आणि आधीच सुटण्याच्या बेतात असलेले दार थोडे लवकर सुटते. म्हणजे ताण पृथ्वीचा आहे आणि तो धरण बांधण्यापूर्वीचा आहे. जलाशयाने चाप ओढला, एवढेच. पावसाळ्यात जलाशय भरताना आणि पुढे पाणी उपसून पातळी उतरत असताना धक्क्यांची संख्या वाढते, आणि जलाशयाची पातळी पूर्वीच्या सर्वोच्च पातळीच्या वर गेली किंवा फार वेगाने चढली, तर मोठ्या धक्क्याची शक्यता वाढते, असे कोयनेच्या अनेक वर्षांच्या नोंदींवरून शास्त्रज्ञांच्या लक्षात आले आहे. याच अभ्यासासाठी कराडला स्वतंत्र संशोधन केंद्र उभे राहिले आणि गोठणे येथे सुमारे 3 किलोमीटर खोल छिद्र घेऊन, वरचा सव्वा किलोमीटरचा काळा कातळ भेदून, खालच्या ग्रॅनाइटी खडकापर्यंत पोहोचण्यात आले.

पण एक धक्का बसून ताण सुटला, तर मग पुढचे धक्के का? येथे मला उसाची ट्रॉली आठवते. गच्च भरलेल्या ट्रॉलीतली एक मोळी निसटून खाली आली, तर तिने पेललेला भार नाहीसा होत नाही, तो शेजारच्या मोळ्यांवर जातो. त्यांतल्या काही लगेच सरकतात, काही पुढच्या खड्ड्यात ट्रॉली आदळल्यावर सरकतात आणि काही कारखान्याच्या गेटपर्यंत तशाच राहतात. भ्रंशाचा एक तुकडा सरकला, की त्याच्या टोकांवर आणि आजूबाजूच्या चिरांवर भार वाढतो आणि त्या आपापल्या वेळेने सुटत राहतात. फुसाकिची ओमोरी या जपानी शास्त्रज्ञाने 1894 मध्येच दाखवून दिले, की मोठ्या धक्क्यानंतरच्या धक्क्यांची संख्या ठराविक रीतीने उतरत जाते: पहिल्या दिवशी शंभर बसले, तर दहाव्या दिवशी साधारण दहा आणि शंभराव्या दिवशी एखादा. यातली मेख अशी, की उतरते ती संख्या. जोर उतरतो असे नाही. तीन आठवडे शांत गेल्यावर बसणारा धक्का लहानच असेल, अशी खात्री कोणताही नियम देत नाही, फक्त तो येण्याची शक्यता रोज कमी होत जाते. कोयनेसारख्या जलाशयाजवळच्या मालिकांत तर ही उतरणही नेहमीपेक्षा संथ असते.

येथे एका समजुतीबद्दल मला कळकळीने बोलायचे आहे, कारण ती माणसांच्या जिवावर उठू शकते. "लहान लहान धक्के बसताहेत ते बरेच आहे, जमिनीतली ऊर्जा निघून जाते, मोठा यायचा नाही," असे धीराचे शब्द मी चांगल्या शिकलेल्या माणसांकडूनही ऐकले आहेत. तीव्रतेच्या मापनात एक अंक वाढला, की बाहेर पडणारी ऊर्जा सुमारे 32 पट होते आणि दोन अंक वाढले, की सुमारे हजारपट. म्हणजे 6 तीव्रतेच्या एका भूकंपाएवढी ऊर्जा निघायला 4 तीव्रतेचे हजार धक्के बसावे लागतील. पाच-पंचवीस लहान धक्क्यांनी हा हिशेब मिटत नाही. इटलीतील लाक्विला शहरात 2009 च्या सुरुवातीचे काही महिने लहान धक्के चालू होते, आणि ऊर्जा निघून जात असल्याने परिस्थिती अनुकूल आहे, असा दिलासा अधिकृत पातळीवरून लोकांपर्यंत गेला. 6 एप्रिलच्या पहाटे मोठा धक्का बसला आणि तीनशेहून अधिक माणसे गेली. आपल्याकडे किल्लारीच्या परिसरातही 30 सप्टेंबर 1993 च्या भूकंपाच्या आदल्या वर्षी, 1992 मध्ये, धक्क्यांची अशीच मालिका होऊन गेली होती. याचा अर्थ लहान धक्के म्हणजे मोठ्याची वर्दीच, असाही नाही. बहुतेक मालिका काही न करता विरून जातात. एखादा धक्का पूर्वधक्का होता, हे त्याच्यामागून मोठा आल्यावरच ठरते, आणि आधी ओळखण्याची रीत आजवर कोणाला सापडलेली नाही.

जपानने हा धडा फार जबर किंमत देऊन घेतला. कुमामोतो येथे 14 एप्रिल 2016 च्या रात्री जपानी मापनानुसार 6.5 तीव्रतेचा भूकंप झाला, तोच मुख्य धक्का मानला गेला आणि पुढे येणारे ते मागचे लहान धक्के, अशी सूचना गेली. काही माणसे आवराआवर करायला, झोपायला घरी परतली. सुमारे 28 तासांनी 7.3 तीव्रतेचा भूकंप झाला आणि आदल्या रात्रीचा मुख्य धक्का कागदोपत्री पूर्वधक्का ठरला. त्यानंतर तेथील हवामान संस्थेने आपल्या इशाऱ्यांत "मागचे धक्के" या अर्थाचा शब्द वापरणे सोडून दिले, कारण त्या शब्दातच आता येईल ते लहान असेल, अशी हमी दडलेली होती. एका शब्दाचा एवढा विचार करणाऱ्या यंत्रणेबद्दल मला मनापासून आदर वाटतो.

मालिकेतला नंतरचा धक्का लहान असला, तरी जास्त विध्वंसक ठरू शकतो. न्यूझीलंडमधील क्राइस्टचर्चजवळ 4 सप्टेंबर 2010 च्या पहाटे 7.1 तीव्रतेचा भूकंप झाला, तेव्हा इमारत कोसळून कोणी दगावले नाही. 22 फेब्रुवारी 2011 च्या भर दुपारचा भूकंप तीव्रतेने बराच लहान, 6 च्या थोडासा वर होता, पण तो शहराला अगदी लागून आणि फार कमी खोलीवर झाला आणि त्यात 185 माणसे मृत्युमुखी पडली. अंतर, खोली आणि वेळ यांनी येथे घात केला. त्याशिवाय अनेक इमारती आदल्या धक्क्यांनी आधीच खिळखिळ्या झालेल्या होत्या, आणि घराच्या दृष्टीने ही बाब विशेष ध्यानात घ्यावी लागते.

आमचे घर शुक्रवार पेठेतले, काळ्या दगडाचे जोते, वर विटांच्या भिंती, सागवानी तुळया आणि खापरी कौले असे आहे. पहिल्या धक्क्यात अशा घराची भिंत पडत नाही. कोपऱ्यात दोन भिंतींचा सांधा सुटतो, खिडकीच्या कोनातून तिरकी भेग निघते, तुळई भिंतीतल्या आपल्या बैठकीतून बोटभर सरकते. बाहेरून पाहणाऱ्याला घर जसेच्या तसे उभे दिसते. दुसऱ्या धक्क्याला मात्र चार भिंती एकजुटीने तोंड देत नाहीत, प्रत्येक भिंत सुटी हलते आणि बैठकीतून सुटलेली तुळई छपरासह खाली येऊ शकते. किल्लारीला माळवदाच्या जड मातीखाली हजारो माणसे गाडली गेली, ती दगडमातीच्या सैल भिंतींवर पेललेल्या अशाच भारामुळे. म्हणून धक्क्यानंतर भेगा पाहताना गिलाव्यावरची केसासारखी भेग आणि विटेतून आरपार गेलेली तिरकी भेग यांतला फरक ओळखायला शिकावे. पहिलीने घाबरण्याचे कारण नाही. दुसरी दिसली, तर जाणकार गवंडी किंवा अभियंता पाहून जाईपर्यंत त्या खोलीत झोपू नये.

भेग वाढते आहे की नाही, हे डोळ्यांनी कळत नाही, म्हणून आम्ही केलेला उपाय सांगतो. देवळीवरच्या भेगेच्या दोन्ही बाजूंचा गिलावा वीट दिसेपर्यंत खरवडला आणि फोटो फ्रेम करणाऱ्याकडून कापून आणलेली काचेची पातळ पट्टी भेगेवर आडवी ठेवून तिची दोन्ही टोके प्लास्टरने विटेला चिकटवली. पट्टी गिलाव्यावर चिकटवली, तर नुसता गिलावा सुटला तरी काच फसवते, म्हणून विटेपर्यंत जावे लागते. पट्टीच्या शेजारी पेन्सिलीने तारीख घातली आणि भेगेच्या वरच्या टोकाशी एक आडवी रेघ मारून तिथेही तारीख लिहिली. भिंत किंचितही हलली, तर काच तडकते. पण तडकली म्हणजे भूकंपानेच, असे लगेच लिहू नये. आमच्याकडची काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसते, त्यामुळे धक्का न बसताही भेगा उघडतात आणि मिटतात. म्हणूनच पट्टी धक्क्यानंतर तर पाहावीच, शिवाय दर महिन्याला एकदा, काही झाले नसतानाही पाहावी आणि "काच शाबूत" एवढे तरी लिहावे. मला तर ही कंटाळवाणी "शाबूत" नोंदच सगळ्यात मोलाची वाटते, कारण तडकलेली काच नेमकी कोणत्या दोन तारखांच्या दरम्यान तडकली, हे तिच्यामुळेच कळते.

धक्क्याची नोंद करताना वेळ पहिली लिहावी, आणि तीही मोबाइलवर पाहून, अंदाजाने नव्हे. मग आपण कोणत्या मजल्यावर, बसलेले, उभे की झोपलेले होतो ते लिहावे, कारण वरच्या मजल्यावर हेलकावा जास्त जाणवतो आणि चालणाऱ्याला लहान धक्का कळतही नाही. त्यानंतर वस्तूंनी काय केले ते लिहावे: भांडी नुसती वाजली की पडली, पंखा किंवा दिवा हलला का, कळशीतले पाणी डचमळले का, कौले सरकली का. "खूप जोराचा" या शब्दांतून पुढे वाचणाऱ्याला काही कळत नाही, "फडताळाचे दार आपोआप उघडले" यातून बरेच कळते. यंत्र मोजते ती तीव्रता संपूर्ण भूकंपाची एकच असते. पण त्या भूकंपाने शाहूवाडीत काय केले आणि कागलात काय केले, हे वेगवेगळे असते आणि ते बारा पायऱ्यांच्या दुसऱ्या मोजपट्टीवर, वस्तूंच्या, माणसांच्या आणि घरांच्या अशाच वर्णनांवरून ठरते. धक्का जाणवला नाही, हीसुद्धा नोंद आहे. शेजारच्या गल्लीत जाणवला आणि आपल्याकडे नाही, तर तेही वेळेसह लिहावे, कारण हादरा कुठवर पोहोचला याची सीमा अशाच नकारांनी आखली जाते. 12 जून 1897 च्या आसाम भूकंपानंतर रिचर्ड ओल्डहॅम या भूगर्भशास्त्रज्ञाने ठिकठिकाणच्या माणसांनी लिहून पाठवलेल्या माहितीची बारकाईने छाननी करून हादऱ्याचे नकाशे काढले होते, आणि ते काम आजही आधारभूत मानले जाते.

लक्ष देऊन अनुभवले, तर अंतराचाही अंदाज येतो. भूकंपाच्या लाटांत एक वेगवान, हलका दणका देणारी असते आणि दुसरी मागून येणारी, जोराने हेलकावणारी. दोन्हींच्या मधल्या सेकंदांना आठने गुणले, की भूकंप किती किलोमीटरवर झाला ते साधारण निघते. वारणेचा असेल तर कोल्हापुरात हे अंतर सात-आठ सेकंदांचे आणि कोयनेचा असेल तर अकराच्या आसपास असते. वडिलांनी लिहिलेली "आधी गुरगुर, मग हेलकावा" ही त्याच दोन लाटांची नोंद आहे. मधले सेकंद त्यांनी मोजले असते, तर किती बरे झाले असते, असे ती ओळ वाचताना दर वेळी वाटते. चांदोली आणि कोयनेच्या अगदी जवळच्या वाड्यांत हे दोन धक्के वेगळे कळतच नाहीत आणि सुरुंग उडाल्यासारखा एकच आवाज होतो.

यंत्राच्या नोंदीचे मोलही कोयनेनेच जगाला दाखवून दिले. 1967 च्या त्या पहाटे धरणाच्या पायाजवळच्या गॅलरीत एक हादरामापक चालू होता आणि त्याने धरणाच्या लांबीच्या दिशेने गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे 63 टक्के एवढा त्वरणाचा झटका टिपला. 103 मीटर उंचीचे ते धरण उभे राहिले, पण त्याच्या उंच भागांना, जिथे भिंतीचा उतार बदलतो तिथे, आडव्या भेगा पडल्या. त्या बुजवून पुढे त्या भागांना मागून भक्कम आधार देण्यात आला. कागदावर टिपलेला झटका आणि भिंतीवर मोजलेली भेग अशी जोडी हाती असल्यामुळे, भूकंपात धरण कसे वागते याची गणिते पडताळून पाहायला जगभरचे अभियंते आजही कोयनेची ती नोंद वापरतात. 1967 पूर्वी हा सगळा प्रदेश भूकंपाच्या दृष्टीने निर्धोक मानला जात होता. त्यानंतर देशाचा भूकंपप्रवण क्षेत्रांचा नकाशाच बदलावा लागला.

मालिकेत राहणाऱ्या माणसाच्या मनाविषयीही दोन शब्द लिहायला हवेत, कारण त्याबद्दल बोलायला लोक संकोचतात. चार-सहा धक्के अनुभवल्यावर ट्रक गेला तरी छाती धडधडते, झोपेत पलंग हलल्याचा भास होतो आणि लहान मुले एकटी आतल्या खोलीत जायला तयार होत नाहीत. यात लाजण्यासारखे काही नाही. आमच्याकडे अशा वेळी अर्धा भरलेला पाण्याचा पेला फळीवर ठेवलेला असे. हलल्यासारखे वाटले, की आजी म्हणे, "पेल्याकडं बघ." पाणी स्थिर असेल, तर तो भास, पाणी थरथरत असेल, तर उठून टेबलाखाली किंवा भिंतीपासून, कपाटापासून दूर जायचे आणि हादरा थांबल्यावर जिना न धावता उतरून मोकळ्यावर यायचे. पुढचा धक्का अमुक वाजता येणार, असे निरोप मोबाइलवर फिरतात, त्यांना या पेल्याइतकाही आधार नसतो. झालेल्या धक्क्याची वेळ आणि ठिकाण पाहायचे तर राष्ट्रीय भूकंपविज्ञान केंद्राच्या अ‍ॅपवर पाहावे, आणि पहिला आकडा नंतर थोडा बदलू शकतो हे लक्षात ठेवावे. आपली नोंद मात्र तो आकडा पाहण्याआधी लिहून काढावी. आकडा कळला, की आठवण त्याच्याकडे झुकते, तीन सेकंदांचे तीस होतात आणि वाजलेली भांडी पडलेली होतात.

वडिलांच्या वहीत आता माझे अक्षर सुरू झाले आहे. शाहूवाडीतल्या आमच्या मावशींना वारणेकाठी लहान धक्केही जाणवतात, त्यांचा फोन आला, की मी आधी वेळ विचारते, मग भांड्यांचे विचारते आणि त्यानंतर माळ्यावर जाऊन काच पाहते. गेल्या महिन्याच्या ओळीत लिहिले आहे: "धक्का नाही. पाऊस भरपूर. काच शाबूत, भेगेचे वरचे टोक पेन्सिलीच्या रेघेवरच."